मेंढीकोटला चार माणसं लागतात

दिलशादला हरता यायचं नाही. म्हणजे मुद्दाम हरता यायचं नाही. आमच्या केंद्रात ती रुजू झाली त्याच दिवशी तिनं अर्धांगानं उजवा हात गेलेल्या एका एसटी कंडक्टरला कॅरममध्ये सपशेल हरवलं. तो बिचारा डाव्या हातानं स्ट्रायकर कसाबसा सरकवतोय, जीभ जड झालेली, तोंडातून लाळ गळतेय, आणि ही बया राणी घेऊन, वर कव्हर घेऊन मोकळी! मी औषधांचा ट्रे हातात धरून दारात उभी होते. माझं डोकंच फिरलं.

तिला व्हरांड्यात गाठून म्हटलं, "अगं, आजारी माणूस आहे तो. एक डाव दिला असतास तर तुझं काय जाणार होतं?"

"त्यांना कळलं असतं, सिस्टर," ती म्हणाली. "आता सगळं जग त्यांना डाव देतंय. उठवतंय, भरवतंय, हो ला हो म्हणतंय. निदान एकानं तरी त्यांना खरं हरवायला नको का?"

"वा गं वा! उद्या तो कॅरमला शिवायचा नाही बघ."

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच कंडक्टर खुर्ची ढकलायला लावून कॅरमपाशी हजर. शब्द नीट फुटत नव्हता, पण जो फुटला तो शिवी होती. दिलशाद हरखली. आजारानंतरचं हे त्यांचं पहिलं स्पष्ट बोलणं, असं तिनं वहीत लिहून ठेवलं. शिवीसकट.

मी शेलार सिस्टर. माहेर कशेळ्याच्या अलीकडचं, भातशेतीचं घर. सतरा वर्षं या केंद्रात आहे. तोंड फाटकं आहे असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यापासून जरा आत, शेतांच्या मधोमध आमची बैठी इमारत आहे. पाठीचा कणा मोडलेले, अर्धांग झालेले, डोक्याला मार बसलेले, असे लोक मोठ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे येतात. त्यांचा जीव तिकडे वाचवतात. वाचलेल्या जिवाचं पुढं काय करायचं, ते निस्तरायला आम्ही.

तिथं ट्रस्टनं एक वर्षाच्या बोलीवर दिलशादला घेतलं. पदाचं नाव रिक्रिएशनल थेरपिस्ट. आमच्या वॉचमननं दोन दिवसांत त्याचं "खेळबाई" करून टाकलं. मीही काही कमी नव्हते. स्टाफच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "छान आहे! आम्ही ढुंगणं धुवायची आणि ह्यांनी पत्ते पिसायचे." दिलशाद तिथंच डबा खात होती. तिनं आईनं दिलेलं सांदण माझ्यापुढं केलं आणि म्हणाली, "खा ना सिस्टर. तुमचंच काम जास्त घाण आहे, ते मला मान्य आहे." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तिच्या वडिलांचं खालापूरला बांगड्यांचं आणि कटलरीचं दुकान. मूळचे समुद्रकाठचे, पण दोन पिढ्या इथंच. घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. ही बी.ए.ला असताना तिचा मामू आखातातून परत आला तो स्ट्रेचरवर. परांचीवरून पडला होता. तीन वर्षं तो यांच्या घरी मागच्या खोलीत पडून होता. खाणंपिणं, औषधपाणी, कशाची ददात नव्हती. समोर दिवसभर टीव्ही. एकदा दिलशादनं विचारलं, "मामू, काय देऊ?" तर तो म्हणाला, "सगळे विचारतात काय देऊ. कुणी विचारत नाही, काय करू या."

तो गेल्यावर ती हे वाक्य घेऊनच बसली. पुढं काय शिकायचं म्हणून मुंबईला विद्यापीठात चौकशीला गेली, तर तिथल्या भिंतीवर नव्या अभ्यासक्रमाचा कागद. आजारी, अपंग, म्हाताऱ्या माणसांना खेळ, गाणी, छंद, हातची कामं यांतून पुन्हा जगण्यात आणण्याचं शिक्षण. दोन वर्षं. ती म्हणायची, "मी तो कागद तीनदा वाचला. वाटलं, कुणीतरी मामूला भेटून येऊनच लिहिलाय."

अब्बांनी कपाळावर हात मारला. "खेळायला शिकायला युनिव्हर्सिटी? बेटा, आमची सगळी गल्ली फुकट शिकली की!" तिचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी दोन वर्षं थांबायला नकार दिला, तेव्हा अब्बांनीच त्यांना नाही कळवलं. वर तिला म्हणाले, "आता नीट शिक. नाहीतर दोन्हीकडून गेलो." ही गोष्ट ती हसत सांगायची, पण "दोन्हीकडून गेलो" म्हणताना जरा थांबायची.

विद्यापीठातल्या शिक्षणाची मी पुष्कळ टिंगल केली. मग एकदा तिनं सांगितलं की त्यांच्या बाईंनी प्रत्येकाला एक दिवस खाटेवर पडून राहायला लावलं होतं. हातपाय हलवायचे नाहीत, फोन नाही, दुसऱ्यानं भरवायचं, दुसऱ्यानं वळवायचं. "दुपारपर्यंत मी चिडले होते. पंख्याची पाती मोजली, छतावरचे डाग मोजले. संध्याकाळी बाईंनी विचारलं, काही हवंय का? मला खरंच काही नको होतं, सिस्टर. पाणीसुद्धा. त्याचीच मला भीती वाटली. एका दिवसात माणसाला काहीच नको होतं, इतकं ते सोपं आहे." मी सतरा वर्षं खाटांवरची माणसं बघतेय. मला कधी त्या खाटेवर पडून बघायचं सुचलं नाही.

डिग्री मिळाली, पण या नावाची जागा कुठंच नव्हती. हॉस्पिटलवाले विचारायचे, फिजिओ का? नाही. नर्स का? नाही. मग काय? प्रत्येक फॉर्मवर ती "इतर" या चौकटीत खूण करून यायची. वर्षभर फिरल्यावर आमचं केंद्र मिळालं. म्हणजे हे एक वर्ष तिच्यासाठी काय होतं ते समजा. वर्षानंतर जागा कायम झाली तर ती शिकली ते खरं. नाही तर अब्बांचं म्हणणं खरं.

तिच्या सवयी विचित्र होत्या. पेशंटपाशी बसायच्या आधी हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायची. स्टूल असं खरवडत ओढायची की झोपलेलाही जागा व्हावा. पेशंटला आवडीनिवडी कधी विचारायची नाही. म्हणायची, "माणूस खोटं सांगतो. वाचनाची आवड आहे म्हणतो." ती विचारायची, दुपारचं जेवण झालं की काय करायचात? बायको कशावरून ओरडायची? कशात वेळ गेला की तिला राग यायचा? उत्तरं वहीत. एकदा माझा चार्ट उचलून म्हणाली, "ताप, नाडी, लघवी, सगळ्याला रकाना आहे. या माणसाला करमत नाही, ते कुठं लिहायचं?"

"समासात लिही," मी म्हटलं. आणि तिनं खरंच लिहिलं! डॉक्टरांनी मला झापलं.

आषाढात काशिनाथ भोईर आले. वय बासष्टच्या आसपास, कर्जत तालुक्यातलेच, भातवाले. पेंढा काढायला माळ्यावर चढले आणि पाठीवर पडले. कमरेखाली सगळं गेलं, बोटांतही जोर नाही. आले तेव्हाच माकडहाडावर बेडसोर होता, पडून पडून झालेली जखम, लिंबाएवढी. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याला स्वतःला दुखत नाही ना, कळतच नाही. म्हणून त्यानं आठवणीनं सांगावं लागतं, मला वळवा. काशिनाथ सांगायचे नाहीत. रात्रपाळीची बाई विसरली तर विसरली. भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोन घास खायचे, तेही आम्हाला राग येऊ नये म्हणून.

दिलशाद त्यांच्यामागं हात धुऊन लागली. कॅरम आणला, पत्ते आणले, सोंगट्या आणल्या, खंजिरी आणली. काशिनाथ मान फिरवायचे. सूनबाईनं सांगितलं होतं, मामंजी पत्त्यांचे वेडे हायत, म्हणून ती रोज पत्त्यांचा जोड घेऊन बसायची. रोज नकार. पंधरा दिवस. तिचा चेहरा उतरला. वही उघडून रात्ररात्र बसायची, पुस्तकं काढायची. मनोवस्था, नकार, अमुक पायरी, तमुक पायरी.

त्यांच्या नकाराचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही. विद्यापीठात शिकलीय ना, काढू दे शोधून, असं मनात होतं. हे आता लिहितानाही मला लाज वाटते.

शेवटी काशिनाथच बोलले. खिडकीकडे बोट करायला येईना म्हणून हनुवटी केली. "पोरी, भायेर बघ जरा. लावणी चाललीय. मानसं चिखलात वाकलीत आन मी हितं पत्ते कुटू? लोकं काय बोलतील?"

खिडकीच्या पलीकडेच शेतं. बाया-माणसं ओळीनं वाकलेली. दिलशाद बघत राहिली. दुकानदाराची मुलगी. तिला कुठून ठाऊक असणार की लावणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणी खेळत नाही. घरात पडून असला तरी नाही. खेळायचं ते लावणी उरकल्यावर. पाय गेले म्हणून काशिनाथ शेतकरी राहिले नव्हते थोडेच.

"सिस्टर, तुम्हाला हे माहीत होतं?" तिनं मला विचारलं.

"होतं."

तिनं वही उचलली आणि निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातून तिनं भाताची रोपं मागून आणली, आमच्याकडे त्याला आवण म्हणतात. दोन घमेली चिखल व्हरांड्यात मांडला. काशिनाथना खुर्चीत बांधून बाहेर आणलं आणि स्वतःच आवणाची जुडी बांधायला बसली. अशी काही बांधली की बघवेना. काशिनाथनी थोडा वेळ सोसलं. मग म्हणाले, "सोड, सोड! ही जुडी हाय का पोरीची येनी? हिकडं आन." त्या लुळ्या बोटांनी त्यांनी एक जुडी बांधायला पाऊण तास घेतला. सुटली. परत बांधली. त्यानंतर रोज सकाळी घमेल्यांतली लावणी. समोरच्या शेतात माणसं जेवायला बसली की हे पण थांबायचे. ती उठली की हे पण सुरू.

आणि शेतातली शेवटची बाई बांधावर चढली त्या संध्याकाळी काशिनाथ स्वतः म्हणाले, "झाली लावणी. आता काढा पत्ते."

मेंढीकोटला चार माणसं लागतात. दोन जोड्या, समोरासमोर. हुकूम बोलायचा आणि दहिल्या पळवायच्या; चारही पळवल्या की समोरच्यांवर कोट. काशिनाथ आणि दिलशाद एका बाजूला. कंडक्टर दुसऱ्या. चौथं कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला कामं आहेत," मी म्हटलं. काशिनाथ म्हणाले, "बसा वो सिस्टर, कोट देतो तुमाला." त्या बोलण्यावर मी बसले. चार वाजता ड्यूटीची वेळ बदलते, तेवढी अर्ध्या तासाची फट होती.

काशिनाथच्या बोटांत पंख्यासारखे पत्ते धरायचा जोर नव्हता. दिलशादनं सुताराकडून लाकडाची खाच पाडलेली पट्टी करून आणली, त्यात पत्ते उभे राहायचे. ते दोन बोटांच्या बेचक्यात पत्ता उचलायचे आणि असा आपटायचे की वॉर्ड दणाणायचा. काय लबाड माणूस! भोळ्या तोंडानं "माझ्याकडं कायबी नाय गं" म्हणायचे आणि हुकमाचा एक्का काढायचे. कंडक्टर खवळून शिव्या द्यायचा, आता चांगल्या लांबलचक. मीही चिडायचे. तीन महिन्यांत त्यांनी मला किती कोट दिले ते मी मोजायचं सोडून दिलं.

पण मी पाठ बघत होते. तीच माझी विद्या. काशिनाथ आता सकाळपासून मावशीला हाका मारायचे, "मावशे, उजव्या अंगावर घाल. बारा वाजले. चारला बसायचंय मला." जखम चिघळली तर बसू देणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. जेवण वाढलं. लिंबाएवढी जखम आठवड्या-आठवड्याला आकसत गेली, आणि एक दिवस ड्रेसिंग काढलं तर खाली गुलाबी नवी कातडी. मी दिलशादला हाक मारून दाखवली. "बघ," मी म्हटलं, "हे तुझ्या पत्त्यांनी केलंय. माझ्या मलमानं नाही." तिनं तोंडावर ओढणी धरली आणि रडली.

दिवाळीच्या तोंडावर त्यांना घरी सोडायचं ठरलं. नियमच आहे, दुसरे लोक खाटेची वाट बघत असतात. दिलशाद डॉक्टरांशी वाद घालून आली, आणखी दोन महिने ठेवा म्हणून. डॉक्टर म्हणाले, "जखम भरली, माणूस जेवतो, बोलतो. आणखी काय हवं?" काशिनाथ तर खूशच होते. गावात त्यांचे तीन जुने खेळगडी होते.

आठ दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली. हे तिच्या कामात बसत नव्हतं, रविवारी स्वतःहून गेली. मलाही ओढून नेलं. गावात कापणी चाललेली. अर्थात कुणी खेळत नव्हतं, आणि काशिनाथही मागत नव्हते. "कापनी आटपू दे," म्हणाले. कापणी आटपली, झोडणी आटपली. मग कळलं की तिघांतला एक पावसाळ्यातच वारला होता, यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर राखणदार झाला होता, त्याला मालक सोडत नसे. तिसऱ्याला मुलानं नेरळला फ्लॅटवर नेलं होतं.

काशिनाथचा मुलगा खोपोलीला कारखान्यात, शिफ्टवर. दिलशादनं सुनेला, सुरेखाला, समजावलं. रोज चारला अर्धा तास तुम्ही बसा, शेजारच्या दोघांना बोलवा. सुरेखा चुलीपुढून उठून आली. तिच्या हाताला भेगा पडल्या होत्या.

"ताई, मी पाचाला उठते," ती म्हणाली. "त्यांचं हागनंमुतनं मी काढते, शेतबी मीच बघते. ते मी करीन, त्याला माझं नाय नाय. पन सून सासऱ्यासमोर बसून पत्ते खेळली तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला? डोक्यावरला पदर सावरू का हुकूम बोलू?"

मी दिलशादकडे पाहिलं. तिनं वही मिटली. सुरेखाचं काय चुकलं सांगा? मी तिच्या जागी असते तर मीही बसले नसते.

दिलशाद रविवारी जात राहिली. दोघांत खेळायचे डाव शिकवू लागली. काशिनाथ दोन हात खेळायचे आणि पत्ते ठेवायचे. "ह्याला काय खेळ म्हनत्यात व्हय?" आठवड्यातून एक रविवार, मधले सहा दिवस छत. कूस बदलायला हाक मारणं त्यांनी हळूहळू सोडलं. कशासाठी वळायचं? चारला कुठं बसायचं होतं? सुरेखा शेतात गेली की सकाळचे ते संध्याकाळपर्यंत एकाच अंगावर.

पौषात एका रविवारी ती संध्याकाळी थेट माझ्या घरी कर्जतला आली. चप्पल काढायची शुद्ध नव्हती तिला. तिनं काशिनाथना वळवून पाहिलं होतं. पाठीत मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं, वास येत होता. मी लगेच केंद्रात फोन लावला, खाट करून घेतली. ती तशीच भिंतीला टेकून उभी.

"सिस्टर, ते मला काय म्हणाले माहितीय?"

"बस आधी."

"म्हणाले, पोरी, तू मला नसती हौस लावलीस. आधी बरा व्हतो मी. मला काय लागतच नव्हतं."

मी तिला म्हटलं, तापात माणूस काहीही बरळतो. ते बरळणं नव्हतं, हे मला कळत होतं आणि तिलाही.

काशिनाथना आणलं. विष अंगभर पसरलेलं होतं. आम्ही दर दोन तासांनी वळवत होतो, वळवायला त्यांनी एकदाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप जरा उतरला तेव्हा दिलशादनं पत्ते आणले. मी हातातलं काम टाकून आले, कंडक्टरला केव्हाच घरी सोडलं होतं म्हणून चौथी मावशीला बसवलं. तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काशिनाथनी डोळे उघडले, आमच्या तिघींकडे पाहिलं. "नको गं," म्हणाले. "फिरून नको." आणि भिंतीकडे तोंड केलं. पाचव्या दिवशी सकाळी, मी ड्रेसिंगचं सामान मांडत असताना ते गेले.

सुरेखा आली ती हंबरडा फोडत. मग दिलशादला बघून तिनं डोळे पुसले. "तुमच्या हितं राजासारखं ठेवलंत त्यांना," ती म्हणाली. "मंग आमचं घर त्यांना गोड लागंना." ती रागानं बोलली नाही. साधं सांगितलं.

वर्ष संपत आलं तेव्हा ट्रस्टच्या मंडळींपुढं दिलशादला बोलावलं. मला साक्षीला. मी काशिनाथच्या जखमेचे सगळे चार्ट काढून, क्रमानं लावून नेले होते. तिला बजावलं होतं, "कंडक्टरचं सांग, त्याचं बोलणं कसं सुधारलं ते सांग. काशिनाथचं मी सांगते, जखम भरली इथपर्यंतच. पुढचं कुणी विचारलं नाही तर तू तोंड उघडायचं नाहीस." मी चार्ट मांडले. मंडळी प्रभावित झाली, खरंच झाली. एक गृहस्थ म्हणाले, "उत्तम! मग आता कसे आहेत ते?"

मी म्हणणार होते, नंतर घरी दुर्लक्ष झालं, वारले. तेवढ्यात ही म्हणाली, "ते गेले. त्यात माझी चूक आहे." मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती थांबेना. "मी त्यांच्यात हौस जागी केली, आणि ती घरी कुणाच्या भरवशावर राहणार ते विचारलं नाही. मला इथून पुढं घरच्या माणसापासून सुरुवात करायची आहे. पेशंट आला की घरचं एक माणूस रोज तासभर माझ्याकडे बसलं पाहिजे. ते येणार नसेल तर मी त्या पेशंटला हात लावणार नाही."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. लोकांना इथं माणूस आणून सोडायला सवड नसते, रोज तासभर कोण बसणार? एकजण हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच चूक म्हणताय तर..." बाकीचं वाक्य पत्रात आलं. मुदत वाढवता येत नाही.

बाहेर आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. "गाढवे! हरिश्चंद्राची अवलाद! पाच मिनिटं गप्प बसायला काय झालं होतं तुला? कायम झालं असतं सगळं. मग केलं असतंस तुझ्या मनासारखं हळूहळू."

"पुढच्या काशिनाथला काय सांगितलं असतं, सिस्टर? हळूहळू?"

तिनं वह्या पिशवीत भरल्या. पत्त्यांचा जोड तेवढा कपाटात ठेवून गेली.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. खालापूरला तहसील कचेरीत माझं दाखल्याचं काम होतं, ते आटोपून मुद्दाम दुकानात गेले. अब्बा खुर्चीत पेंगत होते. दिलशाद खाली गादीवर बसून एका नव्या नवरीला चुडा भरत होती. बारीक झाली होती. मला बघून उठली नाही, डोळ्यांनीच बसा म्हणाली. मी इकडचं तिकडचं बोलले. कंडक्टर काठी घेऊन चालतो आता, तुझी आठवण काढतो. ती हसली.

मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. "दिलशाद, एक बाई आलीय आमच्याकडे. पस्तिशीची, मान मोडलेली. जेवत नाही, बोलत नाही, वळवा म्हणत नाही. पाठ फुटायला लागलीय. माझ्या हातात काही राहिलं नाही गं. तू ये. ट्रस्टला मी बघते. माझ्या ओळखीची म्हणून ये, भेटायला म्हणून ये."

तिचे हात थांबले. मी पाहिलं, तिच्या तोंडावर क्षणभर जुनं काहीतरी आलं. विचारणार आता, जेवण झाल्यावर ती काय करायची म्हणून.

"घरी कोण आहे तिचं?" तिनं विचारलं.

"नवरा सोडून गेला. कुणी नाही."

तिनं नवरीचा हात सोडला.

"मग तिला काही नकोय ना, सिस्टर," ती म्हणाली. "राहू द्या तिला तशीच."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. नवरीचा हात आखडला होता. दिलशादनं तो पुन्हा आपल्या हातात घेतला, बोटं एकत्र दाबली आणि तिला म्हणाली, "सैल सोडा. जोर लावलात की काच फुटते."